आरडी व्हायचंय? मग शेवटच्या फॉर्मपासून सुरुवात करा

गेल्या वर्षी ऐरोलीहून एक मुलगी आईला घेऊन भेटायला आली. एमएस्सी झालेली, मार्क उत्तम, आणि एका रुग्णालयात सहा महिने मनापासून काम केलेलं. आरडीचा, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होण्याचा अर्ज भरताना मात्र ती अडकली. इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रावर 'जून ते डिसेंबर' एवढंच छापलं होतं. रुजू झाल्याची तारीख नव्हती, हजेरीचे दिवस नव्हते, कोणाच्या देखरेखीखाली काम केलं तेही नव्हतं. ज्यांनी सही केली होती त्या मॅडम नोकरी सोडून गेल्या होत्या. कागद पुन्हा मिळवण्यात तिचं अर्धं वर्ष गेलं.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या मुलामुलींना मी अनेक वर्षं मार्गदर्शन करते आहे. अभ्यासात कमी पडणारे त्यात थोडे असतात. चुकतो तो क्रम. आधी कॉलेज, मग कोर्स, मग जमेल तिथे इंटर्नशिप, आणि आरडीचे नियम सगळ्यात शेवटी वाचायचे. हा क्रम उलटा करायला हवा.

टप्पा १ : कोणती नोंदणी हवी आहे ते ओळखा

तीन गोष्टींची लोक सतत गल्लत करतात.

पहिली गोष्ट आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन. इंडियन डायटेटिक असोसिएशन (आयडीए) ही १९६३ साली स्थापन झालेली व्यावसायिक संघटना आहे. तिचं आरडी बोर्ड परीक्षा घेतं आणि उत्तीर्ण झालेल्यांना नोंदणी क्रमांक देतं. मोठी रुग्णालयं जाहिरातीत 'आरडी असल्यास प्राधान्य' लिहितात ते याच क्रमांकाबद्दल.

दुसरी गोष्ट कायद्याची नोंदणी. संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा केला. त्याच्या परिशिष्टात डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट हे दोन्ही व्यवसाय आहेत. या कायद्याखाली राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर नोंदवही ठेवायची आहे. ही नोंदणी आरडीहून वेगळी. आरडी झालात म्हणून कायद्याची नोंदणी आपोआप होत नाही, आणि याच्या उलटही होत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे 'सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट'. तीन महिन्यांचा, बहुतेकदा मोबाइलवर होणारा कोर्स. माहिती म्हणून तो जरूर करा, पण त्यावर आरडीच्या परीक्षेला बसता येत नाही. जिमच्या ओळखीतून असा कोर्स करून नंतर पदवी शोधत आलेले किती तरी जण मी पाहिले आहेत. त्यांचे पैसे गेले याहीपेक्षा दोन वर्षं गेली याचं मला वाईट वाटतं.

तपासा : कोर्सच्या माहितीपत्रकात 'रजिस्टर्ड' शब्द असेल तर एकच प्रश्न लेखी विचारा. 'या कोर्सनंतर आयडीएच्या आरडी परीक्षेला बसता येतं का?' फोनवर मिळालेलं 'हो हो, येतं' धरू नका.

टप्पा २ : फॉर्मवरून उलटा तक्ता मांडा

प्रवेश घेण्याआधी आरडी बोर्डाची ताजी सूचना उघडा आणि कोरा अर्ज वाचा. तुम्ही बारावीत असलात तरीही. वहीच्या पानावर शेवटून सुरुवात करून लिहा: आरडी परीक्षा, तिच्याआधी आयडीएचं सभासदत्व, त्याआधी रुग्णालयातली इंटर्नशिप, त्याआधी पदव्युत्तर पदवी किंवा पीजी डिप्लोमा, त्याआधी विषयाला धरून असलेली पदवी, आणि तळाला बारावी.

प्रत्येक ओळीसमोर दोन रकाने करा. कोणता कागद लागेल, आणि तो कोण देईल. हे पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे पहिल्याच दिवशी करायला लावते, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्या पानाकडे बघूनच घ्यायचा असतो.

इशारा : पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या ताईने सांगितलेले नियम आज तसेच असतील असं धरू नका. रुग्णालय किती खाटांचं हवं, देखरेख कोणाची हवी, कोणत्या नावाच्या पदव्या चालतात, हे त्या वर्षीच्या सूचनेतूनच घ्या आणि ती सूचना सेव्ह करून ठेवा.

टप्पा ३ : बारावी आणि पदवी

बारावीला विज्ञान, त्यात रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र, हा सरळ रस्ता. होम सायन्सच्या काही कॉलेजांत इतर शाखांच्या मुलींनाही प्रवेश मिळतो, पण पहिल्याच वर्षी जैवरसायन समोर उभं राहतं तेव्हा त्यांची दमछाक होते. जमत नाही असं नाही. मे-जूनच्या सुट्टीत अकरावी-बारावीचं सेंद्रिय रसायन वाचून काढलं तर जमतं.

पदवी निवडताना तिच्या नावापेक्षा विषयांची यादी पाहा. शरीरक्रियाशास्त्र, जैवरसायन, अन्नशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मानवी पोषण, आहारोपचार, फूड सर्व्हिस मॅनेजमेंट. यातलं काय आहे आणि काय नाही? 'फूड टेक्नॉलॉजी' आणि 'न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स' यांत तर बराच फरक आहे. पहिली पदवी कारखान्याकडे नेते, दुसरी वॉर्डकडे.

आपल्या भागातून मुली जातात ती जुनी ठिकाणं अशी: जुहूला एसएनडीटीच्या आवारातलं सर विठ्ठलदास ठाकरसी होम सायन्स कॉलेज, न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन, माटुंग्याचं डॉ. बी. एम. एन. होम सायन्स कॉलेज. एसएनडीटी हे महिला विद्यापीठ आहे, त्यामुळे मुलांनी आपली यादी वेगळी करायची. पनवेल-नेरूळच्या पट्ट्यात खासगी आणि अभिमत विद्यापीठांतही पोषणशास्त्राचे अभ्यासक्रम चालतात. तिथे फी भरण्याआधी वरचा लेखी प्रश्न आवर्जून विचारा.

प्रवासाचाही हिशेब करा. ठाण्याहून जुहू म्हणजे दादरला गाडी बदला, सांताक्रूझला उतरा, पुढे बस. नेरूळहून हार्बरने वडाळा, तिथून अंधेरी-गोरेगावची गाडी. एका बाजूचे दीड-दोन तास धरा. प्रॅक्टिकल सकाळी लवकर असतं. पहिल्या वर्षी हजेरी कमी पडते ती बहुतेकदा याच कारणाने.

आता एक नवी गोष्ट. वरच्या कायद्याखालच्या आयोगाने २०२५ मध्ये दहा शाखांचे अभ्यासक्रम जाहीर केले, त्यात पोषण आणि आहारशास्त्र आहे. आज बारावीत असणाऱ्यांचं सगळं करिअर या नव्या चौकटीत जाणार आहे. म्हणून कॉलेजला विचारा: 'तुमची पदवी आयोगाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे आहे का, नसेल तर कधीपासून होणार?'

तपासा : महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा असेल तर उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमी लेयर हे कागद निकालाआधी तयार हवेत. तहसीलमध्ये जूनमध्ये उडणारी झुंबड सगळ्यांना माहीत आहे. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, तेही बघा.

टप्पा ४ : एमएस्सी की पीजी डिप्लोमा?

एमएस्सी दोन वर्षांची, डिप्लोमा साधारण एका वर्षाचा. घरची परिस्थिती पाहून अनेकजणी डिप्लोमा घेतात आणि त्यात काही कमीपणा नाही. दादर पश्चिमेला वीर सावरकर मार्गावरच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या आयएचएम संस्थेत, म्हणजे आपल्या 'दादर कॅटरिंग'मध्ये, डायटेटिक्स अँड हॉस्पिटल फूड सर्व्हिसचा पीजी डिप्लोमा चालतो. रुग्णालयाचं किचन सांभाळायची आवड असेल त्यांनी तो जरूर पाहावा.

पुढे शिकवायचं असेल, संशोधन करायचं असेल किंवा परदेशी जायचं असेल, तर एमएस्सीच करा. एक वर्ष वाचवायला डिप्लोमा केला आणि मग तीन वर्षांनी पुन्हा एमएस्सीला बसलो, असं करणारे दुप्पट थकतात.

रसायन, मायक्रोबायोलॉजी किंवा होमिओपॅथीची पदवी घेऊन या विषयात येणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. विद्यापीठ तुम्हाला एमएस्सीला प्रवेश देईलही. पण विद्यापीठाचा प्रवेश आणि आरडीची पात्रता यांचे नियम वेगवेगळे असतात. पदवी आणि पदव्युत्तर यांची तुमची जोडी बोर्डाला चालते का, हे ईमेलने विचारा, उत्तर छापून फाइलला लावा आणि मगच फी भरा.

इशारा : पत्राने किंवा ऑनलाइन शिकून हा विषय करायचा विचार असेल तर सोडून द्या. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून वरच्या २०२१ च्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली. त्या यादीत अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स यांची नावं आहेत. तरीही कोणी 'घरबसल्या एमएस्सी'चा फोन केला तर नम्रपणे ठेवून द्या.

टप्पा ५ : इंटर्नशिप

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे सावकाश वाचा.

सहा महिने धरून चाला. अभ्यासक्रमात असलेली चार-सहा आठवड्यांची 'हॉस्पिटल पोस्टिंग' वेगळी, ती यात मोजू नका. आणि सहा महिने म्हणजे हजेरीचे पूर्ण सहा महिने. जुलैत कुर्ला-सायनला पाणी भरलं की दोन-तीन दिवस जातात, गणपतीत दोन जातात, घरात लग्न निघतं. मी मुलींना नेहमी पंधरा दिवस वरचे धरायला सांगते.

जागा शोधायला शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच लागा. आपल्याकडे मोठ्या रुग्णालयांची वाण नाही. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरूळ-कामोठ्याची वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, वाशी-बेलापूरची खासगी रुग्णालयं, खारघरचं टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक. पण प्रत्येक ठिकाणचा प्रवेशाचा नियम, जागा आणि शुल्क वेगळं. अर्ज एचआरला आणि आहार विभागप्रमुखांना, दोघांनाही द्या. कॉलेजचं पत्र जोडा. उत्तराची वाट बघत बसू नका, आठ दिवसांनी स्वतः जाऊन भेटा.

भेटीत हे विचारा:

विभागात आरडी आहेत का, आणि माझ्या कामावर देखरेख त्यांची असेल का?

आयसीयू, डायलिसिस, सर्जरी, बालरोग, प्रसूती, ओपीडी आणि किचन अशी फेरी मिळेल का?

प्रमाणपत्रात रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख, हजेरीचे दिवस आणि देखरेख करणाऱ्यांचा आरडी क्रमांक येईल का?

तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. विचाराच. ऐरोलीच्या त्या मुलीने तो विचारला असता तर तिचं अर्धं वर्ष वाचलं असतं.

नुसत्या वजन कमी करण्याच्या क्लिनिकमधल्या अनुभवावर विसंबू नका. तिथे बोलायला शिकता, आजार बघायला शिकत नाही. डायलिसिसचंच उदाहरण घ्या. किडनीचा आजार आहे पण डायलिसिस सुरू नाही, तेव्हा साधारण प्रतिकिलो ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रथिनं देतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ३६ ते ४८ ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) डायलिसिसच्या द्रवाबरोबर निघून जातात, आणि गरज १ ते १.२ ग्रॅमवर जाते: ६० ते ७२ ग्रॅम. घरी मात्र जुनाच तक्ता फ्रिजवर लावलेला असतो. 'डॉक्टरांनी डाळ बंद सांगितलीय' म्हणून काकू आजोबांना वरणाचं नुसतं पाणी देत राहतात, आणि आजोबा सुकत जातात. ही चूक खाटेशेजारी उभं राहून एकदा पाहिली की परीक्षेतही विसरत नाही, आणि आयुष्यातही.

किचनची ड्युटी टाळू नका. सकाळी सहाला डाएट शीट हातात घेऊन ट्रे तपासायचे. मीठ-विरहित ट्रेवर लोणच्याची पुडी आली का? राइल्स ट्यूबची, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून द्यायची फीड किती वाजता बनली, किती वाजता वॉर्डला पोचली? उपासाच्या दिवशी मधुमेहाच्या रुग्णाला साबुदाण्याची खिचडी गेली का? हे कोणत्याही पुस्तकात एवढं नीट समजत नाही. किचनमधले महाराज आणि मावशी यांना मान देऊन विचारलंत तर ते वाटी-पळीचं माप असं शिकवतील की जन्मभर पुरेल.

नोंदवही रोज लिहा. तारीख, वॉर्ड, निदान, वजन-उंची, किती कॅलरी आणि प्रथिनं काढली, प्रत्यक्ष काय दिलं, रुग्णाने किती खाल्लं, दोन दिवसांनी काय झालं. रुग्णाचं नाव कधीही लिहू नका, फोटो तर नकोच. आठवड्याला देखरेख करणाऱ्या मॅडमची किंवा सरांची सही घ्या. सहा महिन्यांच्या सह्या शेवटच्या दिवशी मागू नयेत. ते खोटंही आहे आणि दिसतंही.

तपासा : दर महिन्याच्या शेवटी स्वतःला विचारा, या महिन्यात मी नवीन कोणता आजार पाहिला? दोन महिने लागोपाठ फक्त संगणकात डाएट ऑर्डर भरत असाल तर विभागप्रमुखांशी बोला. शांतपणे बोललं तर बहुतेक ऐकतात.

टप्पा ६ : नावं आणि कागद

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर आईचं नावही, आधारवर नुसतं नाव-आडनाव, आणि लग्न झालं असेल तर सासरचं आडनाव पॅनवर. आपल्याकडे हे घरोघरी आहे आणि यावरूनच अर्ज परत येतात. कोणतं एक नाव चालवायचं ते लवकर ठरवा. आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र तयार ठेवा. राजपत्राला वेळ लागतो, अर्जाच्या आठवड्यात ते होत नाही.

फाइलमध्ये हवं ते: दहावीपासूनच्या सर्व गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, विद्यापीठ बदललं असेल तर मायग्रेशन, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र लेटरहेडवर शिक्क्यासह, नोंदवही. आयडीएच्या सभासदत्वाचा अर्ज परीक्षेच्या अर्जाआधी पुरेसा वेळ ठेवून करा. सभासद क्रमांक यायची वाट बघत परीक्षेची मुदत उलटून गेलेली मी पाहिली आहे.

इशारा : प्रोव्हिजनल प्रमाणपत्रावर वर्षानुवर्षं राहू नका. पदवीचं मूळ प्रमाणपत्र मागवून घ्या.

टप्पा ७ : परीक्षेची तयारी

परीक्षा पदवी आणि पदव्युत्तर, दोन्हींवर येते. शरीरक्रियाशास्त्र, जैवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, पोषण, आहारोपचार, फूड सर्व्हिस. हुशार मुली आहारोपचार पाठ करतात आणि पहिल्या वर्षाच्या जैवरसायनात मार्क घालवतात. इंटर्नशिपच्या तिसऱ्या महिन्यापासून रोज एक तास जुन्या विषयांना द्या. आदल्या दिवशी किडनीचा रुग्ण पाहिला असेल तर त्या रात्री नेफ्रॉन वाचा, मग वाचलेलं चिकटतं.

जुन्या नोट्सवर मुळीच विसंबू नका. सेकंडहँड नोट्समध्ये अजून २०१० च्या आहार-शिफारशींचे आकडे फिरतात. आयसीएमआर-एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) २०२० च्या शिफारशींत संदर्भ पुरुषाचं, म्हणजे ज्याला धरून आकडे काढतात त्याचं, वजन ६५ किलो आणि स्त्रीचं ५५ किलो आहे. प्रौढांसाठी प्रथिनांची शिफारस प्रतिकिलो ०.८३ ग्रॅम. अन्नघटकांसाठी हैदराबादच्या एनआयएनचे २०१७ चे तक्ते वापरा, त्यात ५२८ पदार्थ आहेत. भारतीयांसाठीची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं २०२४ मध्ये नव्याने आली, ती वाचा. बीएमआयमध्ये आपल्या लोकांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, पाश्चात्त्य पुस्तकातले २५ आणि ३० इथे लिहू नका.

गणितं हाताने करा. रोज एक आहार आखा, तोही आपल्या ताटातला: भाकरी, वालाचं बिरडं, आमटी, भात, ताक. कच्चं वजन आणि शिजलेलं वजन यात गोंधळ हा हमखास. ३० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. तीच डाळ पातळ आमटी होऊन तीन वाट्यांत गेली तर एका वाटीत दोन ग्रॅमच येतात. 'रोज दोन वाट्या आमटी खाते' म्हणणाऱ्या बाईला प्रथिनं पुरतात असं लिहिण्याआधी तिची आमटी किती पातळ असते ते विचारायचं.

टप्पा ८ : क्रमांक मिळाल्यावर

नोंदणीचं नूतनीकरण असतं आणि त्यासाठी नंतरही चालू ठेवलेल्या शिक्षणाची नोंद लागते. परिषदा, कार्यशाळा यांची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा. २०२१ च्या कायद्याखालच्या राज्य परिषदेच्या नोंदणीची सूचना आली की तीही लगेच करा.

महापालिकेत किंवा सार्वजनिक आरोग्य विभागात आहारतज्ज्ञाची पदं निघतात, पोषण पुनर्वसन केंद्रांतही कामं असतात. जाहिरातीतली पात्रता शब्दशः वाचा. कुठे आरडी मागतात, कुठे ठरावीक नावाचीच पदवी.

परदेशी जायचं असेल तर आपला आरडी क्रमांक तिथे जसाच्या तसा चालत नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या परीक्षेला बसायला पदव्युत्तर पदवी लागते आणि तिथल्या मान्यतेचं देखरेखीखालचं प्रशिक्षणही लागतं. ब्रिटनमध्ये एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी असल्याशिवाय स्वतःला डाएटिशियन म्हणता येत नाही. दोन्हीकडे अभ्यासक्रमाचा विषयवार तपशील मागतात, म्हणून प्रत्येक वर्षाचा छापील अभ्यासक्रम कॉलेजचा शिक्का मारून आत्ताच घेऊन ठेवा. दहा वर्षांनी तो कॉलेजच्या कार्यालयातही सापडत नाही.